अमूर्ताचा हक्क : हार्लेमचे छायाचित्रकार आणि आपण

दलित साहित्याची चर्चा निघाली की काळ्यांच्या साहित्याचा उल्लेख येतोच. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन. काळ्यांच्या कविता आणि आत्मकथने आपण वाचली, पण त्यांची छायाचित्रकला आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही. जी पोचली ती बहुधा १९६३ च्या बर्मिंगहॅममधील पोलिसांची कुत्री, पाण्याचे फवारे आणि त्यांच्यापुढे उभी असलेली मुले एवढ्यापुरतीच. ही चित्रे मोलाची आहेत, ह्यात वाद नाही. परंतु त्यांतली गाजलेली बरीच चित्रे गोऱ्या छायाचित्रकारांनी काढलेली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. काळा माणूस चित्रात होता, पण कॅमेरा बहुधा दुसऱ्याच्या हातात होता.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील काही काळे छायाचित्रकार एकत्र आले आणि त्यांनी ‘कामॉइंगे वर्कशॉप’ सुरू केले. हा शब्द केनियातील किकुयू भाषेतला. एकत्र येऊन काम करणारी माणसे, असा त्याचा अर्थ. जोमो केन्याटा यांच्या ‘फेसिंग माउंट केनिया’ ह्या १९३८ च्या ग्रंथातून तो त्यांनी घेतला. केनिया स्वतंत्र झाला तोही १९६३ च्या डिसेंबरात. गुलामगिरीने ज्यांची भाषा हिरावून घेतली त्यांनी आपल्या संस्थेचे नाव आफ्रिकेच्या भाषेत ठेवावे, ही साधी गोष्ट नव्हे. नाव घेणे हा अस्मितेचा पहिला उच्चार असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ह्या संस्थेचा पहिला संचालक रॉय डिकारावा. १९१९ साली हार्लेममध्ये जन्मलेला, मूळचा चित्रकार. १९५२ साली गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारा तो पहिला काळा छायाचित्रकार. १९५३ मधील त्याचे ‘हॉलवे’ हे चित्र पाहावे. चाळीसारख्या एका इमारतीतला अरुंद बोळ, मिणमिणता दिवा, दोन्ही बाजूंनी जवळ येत जाणाऱ्या भिंती. चित्रात माणूस नाही. अशाच बोळांतून डिकारावाचे बालपण गेले होते. तो फ्लॅश वापरीत नसे. असेल तेवढ्या उजेडात चित्र घेई आणि छापताना करड्यापासून गडद काळ्यापर्यंतच्या छटा जपत असे. ज्या समाजात काळा रंग म्हणजे उणेपणा, तिथे त्याने काळ्या रंगाची श्रीमंती दाखवली. घोषणा न देता केलेला हा विद्रोहच होता.

त्याच संस्थेतला अॅड्जर कावन्स निसर्गाकडे वळला. पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यावर मोडणारा प्रकाश ह्यांची त्याची चित्रे पाहताना नदी कोणती, गाव कोणते हे कळत नाही. उरते ती केवळ लय. मिंग स्मिथने कॅमेऱ्याचा पडदा सावकाश मिटू दिला आणि माणसे धूसर होऊन प्रकाशात मिसळली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने जिची छायाचित्रे विकत घेतली अशी ती पहिली काळी स्त्री.

इथे आपल्यातला एखादा कार्यकर्ता विचारील, पाणी आणि सावल्या टिपण्याइतकी सवड शोषितांना असते काय? प्रश्न रास्त आहे. पण निसर्ग तरी सर्वांचा कुठे होता? २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत मिशिगन सरोवरात पोहणारा यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा काळा मुलगा पाण्यातली अदृश्य वर्णरेषा ओलांडून गेला. त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडाला. पुढे उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. त्यानंतर ८ वर्षांनी, १९२७ साली, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. ज्याला पाण्याला शिवू दिले गेले नाही, त्याने पाण्याकडे निवांत, डोळे भरून पाहणे हाही हक्कच आहे.

दुसरा आक्षेप असा की, अमूर्त कला ही गोऱ्यांची चैन. इतिहास नेमका उलट आहे. १९०७ साली पिकासोने पॅरिसच्या संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि युरोपच्या चित्रकलेने वळण घेतले. त्या मुखवट्यांचे अनाम कारागीर चेहऱ्याचे रेषांत आणि प्रतलांत रूपांतर कधीपासून करीत होते. १९२५ साली अॅलन लॉक यांनी काळ्या कलावंतांना ह्याच वारशाकडे पाहायला सांगितले. म्हणजे अमूर्ताकडे जाणारा काळा कलावंत परक्याच्या घरी जात नव्हता.

आणि ही माणसे लढ्यापासून दूरही नव्हती. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर प्रदर्शन भरवले, पण त्यात हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांना जागा दिली नाही. तेव्हा निदर्शनांत डिकारावा उभा होता. प्रस्थापित मासिके दार उघडीत नाहीत म्हटल्यावर कामॉइंगेच्या सभासदांची चित्रे १९७३ ते १९८० ह्या काळात ‘ब्लॅक फोटोग्राफर्स अॅन्युअल’च्या ४ खंडांतून आली. पहिल्या खंडाला टोनी मॉरिसन यांची प्रस्तावना होती. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ह्या संस्थेच्या कामाचे मोठे प्रदर्शन लागायला मात्र २०२० साल उजाडावे लागले.

हे सारे आपल्याशी कुठे जुळते? माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने पावसावर कविता लिहिली. ‘यात दलित काय आहे?’ असे त्याला विचारले गेले. विचारणारे दोन्ही बाजूंचे होते. प्रस्थापितांना आपल्याकडून फक्त जखमा हव्या असतात, कारण जखमा पाहून हळहळता येते. आपल्याही काहींना जखमेखेरीज काही लिहिणे म्हणजे पळून जाणे वाटते. अमूर्ताच्या आड लपणारे लोक असतात, हे मला मान्य आहे. पण ‘हॉलवे’मधला बोळ अमूर्त होऊनही बोळच राहतो, तो दिवाणखाना होत नाही. कसोटी तिथे आहे. कलावंताने वस्ती सोडली काय, हे विचारावे. त्याने आभाळाकडे का पाहिले, हे विचारू नये. वस्तीवरही आभाळ असते, आणि ते आपण अजून पुरते लिहिलेले नाही.