व्हॅलेन्शियाहून सुटलेला ‘थांबा’

मंडळी, आपल्यातले बरेच जण आयटीत आहेत, त्यामुळे हे दृश्य तुम्हाला नवीन नसेल. घरच्या संगणकावर कोड लिहिणारा एआय सहाय्यक कामाला लावायचा आणि आपण निवांत लुआसमध्ये बसायचं. मध्येच खिशातला फोन थरथरतो: ‘ही फाइल काढून टाकू का?’ आपण ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबतो. मागच्या हिवाळ्यात दुकानाच्या रांगेत, एका हातात मेथीची जुडी धरून, मी न वाचताच ‘हो’ दाबलं. दोन दिवसांचं काम गेलं. चूक माझीच, यंत्राने विचारलं तरी होतं.

त्या संध्याकाळी मला व्हॅलेन्शिया आठवलं. लांबवर हुकूम पाठवणं आणि तो वेळेत मागे घेणं, यातली एक मोठी गोष्ट आपल्या या देशाच्या नैर्ऋत्य टोकाला घडली. तिचं दुसरं टोक थेट झाशी-ग्वाल्हेरपर्यंत पोचतं.

5 ऑगस्ट 1858 रोजी काउंटी केरीतल्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडच्या ट्रिनिटी बेपर्यंत, अटलांटिकच्या तळाशी तार टाकून झाली. आत तांब्याच्या सात बारीक तारांचा पीळ, त्यावर गटापर्चाचा, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाच्या चिकाचा थर, आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. पण इतक्या लांब तारेत विजेचा ठोका जसाच्या तसा पोचत नाही. तो पसरतो आणि मागून येणाऱ्या ठोक्यात मिसळतो. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना गेलेला संदेश 98 शब्दांचा होता. तो पोचायला 16 तास लागले. एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं! आपल्याकडे वाय-फाय मंदावलं की घरात जो आरडाओरडा होतो, तो मुलांनी इथे जरूर आठवावा.

सुरुवातीच्या दिवसांतल्या नोंदी वाचल्या तर हसू येतं. बहुतेक मजकूर एकच: हळू पाठवा, पुन्हा पाठवा, तुम्हाला वाचता येतंय का? हजारो मैलांची तार टाकली, आणि तिच्यावरून बोलणं काय, तर तार चालते आहे का याचंच.

मग आला 31 ऑगस्ट. हिंदुस्थानातल्या उठावामुळे ब्रिटिश सरकारने कॅनडातून दोन पलटणी परत बोलावल्या होत्या. 62वी हॅलिफॅक्सहून आणि 39वी माँट्रियलहून. हुकूम जहाजाने गेला होता. दरम्यान लंडनचा अंदाज बदलला, उठाव आटोक्यात आल्याचं ठरलं. दुसरं जहाज पाठवलं असतं तर पलटणी तोवर निघालेल्या असत्या. म्हणून व्हॅलेन्शियाच्या तारेवरून दोन छोटे संदेश सुटले: येऊ नका, तिथेच थांबा. या दोन संदेशांनी सरकारचे सुमारे 50 हजार पौंड वाचले, असं तारेच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं.

हा हिशेब आपण मराठी माणसांनी वाचला की घास जरा अडकतो. त्याच जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला पडली होती. तात्या टोपे अजून राजपुताना-माळव्यात इंग्रज फौजांना हुलकावण्या देत फिरत होते. म्हणजे तारेवरून ‘आटोक्यात’ म्हटलं गेलं, तेव्हा सगळं संपलेलं नव्हतं. मुलांनो, इथल्या शाळेत ही तार तुम्हाला विज्ञानाच्या तासाला भेटेल. तिच्यावरून गेलेले हे दोन संदेश कुणाबद्दल होते, तेही माहीत असू द्या.

त्या संदेशांनी वेळ मात्र अगदी थोडक्यात साधली. सप्टेंबर उजाडला आणि तार मुकी होत गेली. तारेत मुळात दोष होतेच. त्यात वाइल्डमन व्हाइटहाउस या मुख्य विद्युततज्ज्ञाने भर घातली. मूळचा तो शल्यविशारद. सिग्नल क्षीण येतो तर जोर वाढवा, असं त्याचं साधं गणित, आणि त्याने सुमारे 2000 व्होल्टचा दाब दिला. ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम थॉमसन नेमकं उलट सांगत होता: प्रवाह कमी ठेवा, वाचणारं उपकरण नाजूक करा. त्याने लोहचुंबक चिकटवलेला एक चिमुकला आरसा टांगला; प्रवाह आला की आरसा किंचित वळे आणि पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका सरके. माझं मत विचाराल तर या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर वस्तू हा आरसाच. पलीकडे काय चाललंय ते डोळ्यांत तेल घालून बघण्याचं ते यंत्र होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1865 मध्ये तार समुद्रात तुटली, आणि 1866 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने ती टिकाऊ जोडली. त्याच जहाजाने 1870 मध्ये मुंबई ते एडन तार टाकली, आणि लंडनचे हुकूम समुद्राखालून मुंबईत पोचू लागले. व्हॅलेन्शियाचं केबल स्टेशन 1966 पर्यंत चालू होतं.

उन्हाळ्यात रीनार्ड पॉइंटहून छोटी फेरी नाइट्सटाऊनला जाते. पोर्टमगीच्या पुलावरूनही जाता येतं. मी गेलो तेव्हा पश्चिमेच्या कड्यावर फोनला सिग्नलची एकच काडी होती. घरच्या संगणकाचा एक प्रश्न येऊन पडला होता, पण उघडत नव्हता. उघडेपर्यंत मी तिथेच गवतावर बसून राहिलो. मग तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला आणि ‘नाही’ दाबलं.