विजेच्या वाटेने औषध

औषध तोंडावाटे पोटात जाते किंवा सुईवाटे रक्तात जाते, एवढे आपण सर्वजण जाणतो. औषधात भिजवलेली घडी कातडीवर ठेवायची आणि सौम्य विद्युत्प्रवाहाने ते आत धाडायचे, अशी आणखीही एक रीत आहे. तिला आयन्टोफोरेसिस म्हणतात. मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेत वाढलेला आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलेला माणूस आहे. तथापि या रीतीच्या इतिहासात कष्टकऱ्यांच्या उपयोगी पडेल असा एक धडा आहे, म्हणून बोलायला उभा राहिलो.

आरंभ फसव्या दाव्यापासून झाला. 1740 नंतरच्या दशकात व्हेनिसचे पिवाती यांनी जाहीर केले की, औषध काचेच्या नळीत बंद करून नळी विद्युत्भारित केली, तर औषधाचा गुण काचेतून रोग्याच्या अंगात उतरतो. फ्रान्सचे नोले 1749 मध्ये इटलीत गेले आणि त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग पाहिले. गुण कोठेच दिसला नाही!

पुढे 1800 मध्ये व्होल्टा यांनी संथ, अखंड प्रवाह देणारी बॅटरी दिली. द्रावणातून वीज वाहून नेणाऱ्या कणांना फॅरडे यांनी 1834 मध्ये आयन हे नाव दिले. क्षार पाण्यात विरघळताच त्याचे धन व ऋण असे विद्युत्भारित कण सुटे होतात, हे 1887 पर्यंत अऱ्हेनियस यांनी मांडले. सारखा भार सारख्याला लोटतो. म्हणून धनभारित औषध धन टोकाखाली ठेवले, तर ते कातडीत ढकलले जाईल.

याचा निर्णायक पुरावा विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील नांत शहरच्या लेद्युक यांनी दिला. प्रयोग निष्ठुर होता. दोन ससे एकाच प्रवाहात जोडले. एकाच्या कातडीवर धन टोकाखाली कुचल्यातले स्ट्रिक्नीन, दुसऱ्याच्या कातडीवर ऋण टोकाखाली सायनाइड. पहिला आचके देऊन मेला, दुसरा सायनाइडच्या विषबाधेने. मग टोके उलटी जोडून तोच प्रयोग केला. विषे तीच, प्रवाहही होताच. पण सशांना काही झाले नाही. नुसत्या विजेने मृत्यू आला, ही शंका तेथेच मिटली.

या ज्ञानाचे उत्तम फळ 1959 चे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात मुलाच्या घामात मीठ फार असते. परंतु तान्ह्या बाळाचा घाम तपासणीसाठी मिळवायचा कसा? अंग गुंडाळून उकाडा करणे धोक्याचे होते. गिब्सन व कुक यांनी घाम आणणारे पायलोकार्पिन विजेने कातडीत धाडले. आजही सुमारे दीड मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट, एवढा प्रवाह पाचेक मिनिटे देऊन ही तपासणी होते.

मर्यादाही आहेत. औषधाचे कण विद्युत्भारित हवेत, मात्रा अल्प पुरायला हवी आणि कातडी जपायला हवी. अर्धशिशीवरची अशी एक पट्टी अमेरिकेत 2013 मध्ये मान्य झाली. भाजल्याच्या व व्रण राहिल्याच्या तक्रारींमुळे 2016 मध्ये तिची विक्री थांबली.

कंबर धरलेला हमाल कोणा विक्रेत्याच्या शब्दावर विजेच्या पट्ट्यासाठी महिन्याची मजुरी मोजतो. त्याला विजेची भीती घालू नये, तिची भूलही घालू नये. त्याने एवढेच विचारावे : औषध कोणते, ते आत जाते हे कोणी पाहिले, आणि टोके उलटी जोडून कोणी तपासले? हे विचारायला पदवी लागत नाही.