दुसऱ्याच्या नावचे पत्र, पेशव्यांच्या हाती

१/ जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे फौजेसह नर्मदेच्या परिसरात होते. तेथून सावकारांचा एक कासीद दक्षिणेकडे चालला होता. त्याच्याजवळचे पत्र पेशव्यांच्या नावचे नव्हते. तरीही ते उघडले गेले. #इतिहास

२/ पेशवे भाऊंच्या मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. अब्दालीने वाटा रोखल्यामुळे तिकडची पत्रे येणे जवळजवळ थांबले होते. १४ जानेवारीला पानिपतावर काय घडले, याची निश्चित वार्ता छावणीत पोचलेली नव्हती.

३/ सावकारांची व्यवस्था मात्र शाबूत होती. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात सांगतो की, या कासदाला पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबाद गाठायचे होते. हुंडीचा व्यवहार पतीवर चाले. पराभवाची वार्ता ज्याला आधी कळे, तो आपला पैसा आधी सावरू शके.

४/ वाटेत पत्र फुटण्याचे भय सावकारांना होतेच. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे सांकेतिक भाषा. पत्रात युद्धाचा उल्लेखच नव्हता. होता तो तोट्याचा हिशेब: दोन मोती विरघळले, २७ मोहरा गमावल्या, रुपे आणि तांबे किती गेले, त्याची बेरीज लागत नाही.

५/ परक्याला हा पेढीचा जमाखर्च वाटला असता. नानासाहेबांना तो उलगडून सांगावा लागला नाही. दोन मोती म्हणजे चुलत बंधू सदाशिवराव भाऊ आणि थोरला पुत्र विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. रुपे-तांबे म्हणजे सामान्य शिपाई. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले.

६/ एक सावधगिरी. डफने हे ६५ वर्षांनी लिहिले आहे, आणि सांगण्या-सांगण्यात मोहरांचा आकडा बदलतो. म्हणून पत्राचा आशय घ्यावा, शब्दांवर फार भार देऊ नये.

७/ त्या सावकाराला दाद मागायला जागा नव्हती. पत्र उघडणारा स्वतःच राज्यकर्ता होता. १८९८ च्या टपाल कायद्याने कर्तव्याविरुद्ध पत्र उघडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठरवली. त्याच कायद्याच्या कलम २६ ने सरकारला मात्र सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाने टपाल अडवण्याची मुभा दिली.

८/ १९८६ मध्ये ही मुभा वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. २०२३ मध्ये जुन्या कायद्यातील शिक्षेची कलमे रद्द झाली. त्याच वर्षीच्या नव्या टपाल कायद्यात सरकारचा अधिकार आहे; कर्मचाऱ्यासाठीची ती शिक्षा नाही.

९/ आज श्रीपूरच्या टपालपेटीत पाकीट टाकताना आपण मोती-मोहरांची भाषा वापरत नाही, कारण आपला भरवसा कायद्यावर आहे. म्हणून तो कायदा एकदा तरी स्वतः वाचावा. सांकेतिक भाषा परक्यापासून वाचवते. ज्याला मोती कोण हे ठाऊक आहे, त्याच्यापुढे ती निरुपयोगी ठरते.