टोपी बाजारातून गोव्याकडे

ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला तेव्हा लष्कर भागातल्या टोपी बाजारात बराच वेळ रेंगाळलो. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच पुढे हे लष्कर झालं. मराठी आडनावं तिथे अजून भेटतात. बाजाराचं नाव ऐकून मात्र हसू आलं. मराठीत टोपी घालतातही आणि फिरवतातही! दोन्ही बाजू समजून घेऊन बोलणाऱ्या उमेदवारावर विरोधक नेमके हेच दोन आरोप करतात. मग अशा माणसाने निवडणूक जिंकायची तरी कशी?

अटलबिहारी वाजपेयी याच शहरातले. १९७१ मध्ये ते इथूनच लोकसभेवर गेले. १९८० साली भाजप स्थापन झाला तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांनी पक्षाला 'गांधीवादी समाजवादा'ची सौम्य वाट दाखवली. १९८४ मध्ये ते पुन्हा ग्वाल्हेरहून उभे राहिले. समोर काँग्रेसचे माधवराव शिंदे, आणि इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट. वाजपेयी सुमारे पावणेदोन लाख मतांनी पडले. देशभरात पक्षाला दोनच जागा मिळाल्या.

हा पराभव सौम्यपणाचा की लाटेचा? मला तरी लाटेचाच जास्त वाटतो. पण पक्षाने धडा घेतला तो वेगळाच. १९८९ मध्ये पालमपूरला अयोध्येच्या बाजूने ठराव झाला आणि त्याच वर्षी पक्षाच्या ८५ जागा आल्या. पुढे १९९८ मध्ये राममंदिर, ३७० कलम आणि समान नागरी कायदा बाजूला ठेवून मित्रपक्ष जोडायची वेळ आली, तेव्हा पुढे केले गेले ते पुन्हा वाजपेयीच. गर्दी जमवली धारदार भूमिकेने, सरकार बनवलं समतोल माणसाने. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

हे सगळं पुढाऱ्यांचं झालं. मतदाराचं काय? इथे मला आपला गोवा आठवतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मतं पडली आणि संघप्रदेशाच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. विलीनीकरणासाठीच झगडणारा मगो पक्ष आता संपला, असं कुणालाही वाटलं असतं. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा जिंकून भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आमचे आजोबा त्यांच्यापैकीच एक. जानेवारीत दोन पानं, मार्चमध्ये सिंह. घरात मराठी, देवळात मराठी, तरी विलीनीकरण नको. आणि बहुजनांच्या पोरांना शाळा देणारे भाऊसाहेब मात्र हवेत. वाड्यावर त्यांना कुणी "दोन्ही दगडांवर पाय" म्हणून हिणवलं, तर कुणी थेट फितूर म्हटलं. ते एवढंच म्हणायचे, "प्रश्न दोन होते, म्हणून उत्तरंही दोन दिली."

दोन महिन्यांत दोनदा विचारलं, म्हणून त्यांच्या मनातला समतोल कागदावर उतरला. एरवी सगळ्या प्रश्नांना मिळून एकच शिक्का मारायचा असतो. तो धारदार बोलणाऱ्याला मिळाला, की आपण म्हणतो लोकांना तारतम्य नाही. तसं म्हणण्याआधी मला आजोबा आठवतात, आणि मी गप्प बसतो.