भात्यापासून टॅबलेटपर्यंत : फ्लाइट सिम्युलेटरच्या नियंत्रणांचा इतिहास



फ्लाइट सिम्युलेटरचा इतिहास बहुधा चित्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी चार रेषांची धावपट्टी, मग रंग, मग ढग, मग उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रचलेली सबंध पृथ्वी. या टिपणात आपण पडद्याऐवजी वैमानिकाच्या हाताकडे पाहू. हात कशावर ठेवायचा, हा प्रश्न पडद्यावरच्या चित्रापेक्षा जुना आहे. जुना टॅबलेट संगणकाशी जोडून त्यावर हवा तसा नियंत्रण-फलक मांडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही तो चुकलेला नाही.

१९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानांच्या शिक्षणासाठी एक गमतीदार साधन होते. पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवलेले, वरच्या भागात शिकाऊ वैमानिक, आणि बाहेर उभी असलेली माणसे पिंप हातांनी ढकलून कलंडवत. शिकाऊने आपल्याजवळची नियंत्रणे फिरवून तोल सावरायचा. इंजिन नाही, पंख नाहीत, समोर चित्रही नाही. खरी होती ती फक्त हातातली नियंत्रणे.

पुढचे पाऊल अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी पडले. एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन भात्यावर चालतो, हे पेटी वाजवताना पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. विमान शिकण्याचा खर्च लिंकला जड जात होता. कारखान्यातले भाते, हवेचा पंप आणि झडपा यांवर त्याने एक छोटी डोलणारी विमानपेटी १९२९ पर्यंत उभी केली. दांडी डावीकडे झुकवली की एका बाजूच्या भात्यातली हवा ओढली जाई आणि पेटी तिकडे कलंडे. त्याचे पेटंट १९३१ मध्ये मंजूर झाले, पण खरेदीदार मिळाले ते मुख्यतः करमणुकीच्या बागांमध्ये!

चित्र पालटले १९३४ मध्ये. अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाकडे टपालवाहतूक सोपवली गेली. रात्री आणि धुक्यात केवळ उपकरणांवर विमान चालवण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक काही आठवड्यांत प्राणाला मुकले. त्याच वर्षी सैन्याने लिंककडून ६ यंत्रे विकत घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरना. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी सुमारे १०,००० यंत्रे तयार झाली. निळ्या रंगामुळे तिला ‘निळी पेटी’ म्हणत. वरचे झाकण बंद केले की बाहेरचे काही दिसत नसे. आत उपकरणे, दांडी आणि पायटे. बाहेर प्रशिक्षकाच्या टेबलावरील नकाशावर एक तीनचाकी नोंदयंत्र शाईने उड्डाणाचा मार्ग काढत जाई. म्हणजे जगातल्या सर्वांत यशस्वी सिम्युलेटरांपैकी एकात बाहेरचे दृश्य मुळी नव्हतेच. आजच्या ग्राफिक्स कार्डांच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे.

नियंत्रणांच्या रचनेबद्दलचा सर्वांत मोलाचा धडा मात्र सिम्युलेटरमधून आला नाही, अपघातांतून आला. युद्धकाळात बी-१७ सारखी विमाने सुखरूप उतरल्यावर वैमानिक फ्लॅपऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, की दोन्ही नियंत्रणे शेजारी शेजारी आणि एकसारखी होती. थकलेल्या माणसाची नजर धावपट्टीवर असते आणि हात चाचपडत असतो. हाताला दोन्हींत फरकच कळत नव्हता. उपाय साधा निघाला. चाकांच्या नियंत्रणावर चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या नियंत्रणावर पाचरीच्या आकाराची. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचे विश्लेषण केले. त्यातल्या पुष्कळ चुकांचे मूळ फलकाच्या रचनेत आहे, असे दिसून आले. प्रवासी विमानांतील मुठींचे आकार आजही नियमांनी ठरवून दिलेले आहेत. माझ्या मते यंत्र अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ही गोष्ट न्यूटनच्या नियमांइतक्याच गांभीर्याने शिकवायला हवी.

आता घरातल्या टेबलाकडे येऊ. ब्रूस आर्टविकचा सिम्युलेटर १९८० च्या सुमारास ॲपल-२ संगणकावर आला आणि मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये त्याची आयबीएम पीसीसाठीची आवृत्ती काढली. तेव्हा विमान चाले ते कळफलकावर. नंतरच्या जॉयस्टिकमध्ये दोन बदलते रोधक असत. संधारित्र भरायला किती वेळ लागतो, यावरून संगणक दांडीची जागा ओळखे. पण प्रवासी विमानात शेकडो बटणे असतात, आणि कळफलकावरील जोडकळी पाठ करणे म्हणजे पाढे पाठ करण्याचाच प्रकार. तयार फलक विकत मिळत, पण महाग. शिवाय ते एकाच प्रकारच्या विमानाला शोभत.

२०१० मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ स्वस्त अँड्रॉइड टॅबलेट आले. तोवर सिम्युलेटरांनी आपली दारे बाहेरच्या प्रोग्रामांसाठी उघडलेली होती. मायक्रोसॉफ्टच्या २००६ च्या आवृत्तीत सिमकनेक्ट हा दुवा होता. एक्स-प्लेन नेटवर्कवरून यूडीपी पद्धतीने माहिती पाठवू शकत होता. टॅबलेटचे काम यावरच चालते. सिम्युलेटर उंची, वेग, चाकांची स्थिती अशी चलमूल्ये सतत पाठवतो आणि टॅबलेट ‘चाके वर घे’ अशा आज्ञा परत पाठवतो. या दोन प्रवाहांचा स्वभाव वेगळा आहे. यूडीपीत एखादे पाकीट हरवले तरी वेगमापकाचे बिघडत नाही, पुढचे लगेच येते. आज्ञेचे पाकीट हरवले तर चाके खालीच राहतात. म्हणून आज्ञा पोचली की नाही, हे परत आलेल्या चलमूल्यावरून तपासावे लागते.

इथे टॅबलेटची एक बाजू खरोखर वरचढ ठरते. खऱ्या टॉगल स्विचला स्वतःची स्थिती असते. काल स्विच ‘चालू’वर ठेवून तुम्ही उठलात, आज सिम्युलेटरने नवे उड्डाण ‘बंद’ स्थितीत सुरू केले, की दोघांचे भांडण सुरू. टॅबलेटवरचे बटण सिम्युलेटरला विचारूनच स्वतःचे चित्र काढते, त्यामुळे ते खोटे बोलत नाही. आणि एकाच काचेवर सकाळी सेस्ना, संध्याकाळी एअरबस मांडता येते. वसतिगृहाच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही लवचीकता फार मोठी आहे.

पण काच सपाट असते. चाकाची मूठ आणि पाचरीची मूठ तिच्यावर बोटांना एकच लागतात, म्हणजे चॅपॅनिसने सोडवलेले कोडे आपण पुन्हा विकत घेतो. ही भीती कागदी नाही, हे दाखवणारे उदाहरण समुद्रावरचे आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची यूएसएस जॉन एस. मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली. १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणू आणि वेगाचे नियंत्रण टचस्क्रीनवर होते. नियंत्रण एका जागेवरून दुसरीकडे देताना दोन पंख्यांचे वेग एकमेकांपासून सुटे झाले. दोन दांड्या हातात असत्या तर त्या पुढेमागे झालेल्या तळहाताला कळल्या असत्या. प्रशिक्षणातील उणिवाही चौकशीत पुढे आल्या. तरीही २०१९ मध्ये नौदलाने अशा जहाजांवर पुन्हा खऱ्या थ्रॉटल दांड्या बसवायचे जाहीर केले.

तेव्हा टॅबलेटवर फलक मांडताना सरसकट सगळी बटणे तिथे नेऊ नयेत. जे पाहून वापरायचे ते काचेवर शोभते: रेडिओची वारंवारता, इंधनाचे पंप, दिवे, नकाशा, तपासणी यादी. विमानांच्या कॉकपिटमध्येही आता नकाशे आणि तक्ते टॅबलेटवर असतात, त्यामुळे त्या बाबतीत ही नक्कल म्हणावी की अस्सल, असा प्रश्न पडतो. न पाहता वापरायचे ते मात्र हातात राहू द्यावे: थ्रॉटल, फ्लॅप, चाके, ब्रेक. उतरताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात नजर धावपट्टीवरून काचेकडे वळावी लागली, तर मांडणी चुकली असे समजा.

मधला मार्गही आहे. टॅबलेटच्या मापाची पुठ्ठ्याची किंवा ॲक्रिलिकची चौकट कापून बटणांच्या जागी खिडक्या ठेवल्या, की बोटाला कडा लागते आणि जागा सापडते. उंची निवडण्याच्या नॉबसाठी एक रोटरी एनकोडर आणि छोटा मायक्रोकंट्रोलर पुरतो. एनकोडर निवडण्याचे कारण वर आलेलेच आहे: पोटेन्शिओमीटरला स्वतःची स्थिती असते, एनकोडर फक्त ‘एक पाऊल उजवीकडे’ एवढेच सांगतो आणि आकडा सिम्युलेटरकडेच राहतो. फिरवताना बोटांना लागणारी टकटक मोजता यावी म्हणून खाचा असलेला एनकोडर घ्या.