स्लॉइड

स्लॉइड : सुतारकामासारख्या हस्तव्यवसायाद्वारे मुलांना सर्वसामान्य शिक्षण देण्याची स्कँडिनेव्हियन पद्धती. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ कौशल्य वा हस्तकौशल्य असा आहे. उत्तर यूरोपातील शेतकरी कुटुंबे दीर्घ हिवाळ्यात घरीच लाकडी पळ्या, भांडी, अवजारांचे दांडे, बाके इ. वस्तू तयार करीत. बाप मुलाला, तर आई मुलीला हे काम शिकवी. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील स्वस्त माल खेडोपाडी पोहोचला आणि ही घरगुती कारागिरी झपाट्याने मागे पडू लागली. कौटुंबिक परंपरेतून मिळणारे हे शिक्षण शाळेने द्यावे काय आणि द्यावयाचे तर कशासाठी, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला.

फिनलंडमधील शिक्षणतज्ञ ऊनो सिग्नेअस (१८१०–८८) याने पेस्टालोत्सी व फ्रबेल यांच्या विचारांच्या आधारे हस्तव्यवसायास शालेय शिक्षणात स्थान दिले. १८६६ च्या फिनिश कायद्याने ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांसाठी तो विषय आवश्यक ठरला. स्वीडनमध्ये गॉथनबर्गचा व्यापारी आउगुस्ट आब्राहामसन याने १८६८ मध्ये नेस येथील जमीनदारी विकत घेतली. त्याचा भाचा ऑटो सालोमन (१८४९–१९०७) याने तेथे १८७२ मध्ये मुलांसाठी हस्तव्यवसायाची शाळा व १८७५ मध्ये शिक्षक-प्रशिक्षण सुरू केले. प्रारंभी त्याची दृष्टी आर्थिक होती. परंतु १८७७ मध्ये सिग्नेअसची भेट घेतल्यानंतर तो शैक्षणिक उद्दिष्टांकडे वळला. श्रमाविषयी आदर, स्वावलंबन, नेटकेपणा, अचूकता, एकाग्रता आणि हात व डोळा यांचे वळण ही ती उद्दिष्टे होत.

नेसच्या पद्धतीत नमुन्यांची क्रमवार माला असे. पहिला नमुना म्हणजे सुरीने तासलेली साधी निमुळती काठी. पुढे करवत, रंधा, पटाशी, कानस ही हत्यारे एकेक करून हाती येत आणि शेवटाकडे विद्यार्थी दुधाच्या लाकडी बादलीसारख्या अवघड वस्तूपर्यंत पोहोचे. प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडणारी असावी, चैनीची नसावी आणि ती मुलाने आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच पूर्ण करावी, असा दंडक होता. कुऱ्हाडीचा दांडा किंवा पळी यांसारख्या वक्राकार वस्तूंना विशेष महत्त्व होते. कारण त्यांचा डौल केवळ मोजपट्टीने साधत नाही. अध्यापन वैयक्तिक असे. ते कारागिराने नव्हे, तर प्रशिक्षित शिक्षकाने करावे, असा सालोमनचा आग्रह होता.

याच काळात मॉस्को येथील तांत्रिक विद्यालयात व्हिक्टर देला-व्होस याने १८६८ पासून वेगळी पद्धती विकसित केली. तीत विद्यार्थी पूर्ण वस्तू न करता लाकडाचे सांधे व धातुकामातील क्रिया सुट्या सुट्या शिकत. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनामुळे ती अमेरिकेत ज्ञात झाली. स्लॉइडचा प्रसार तेथे १८८८ पासून बॉस्टनमध्ये गुस्टाफ लार्सन याने केला. डेन्मार्कमध्ये आक्सेल मिकेलसन याने सुरीऐवजी करवतीवर भर देऊन वर्गशः अध्यापनाची पद्धती रूढ केली. सांध्यांचे सुटे धडे उद्योगाला कुशल कामगार पुरविण्यास सोयीचे होते. घरी नेता येणारी पूर्ण वस्तू मात्र मुलाला आपल्या श्रमाचे फळ दाखवीत असे. या दोन दृष्टींतील वाद हा या इतिहासाचा गाभा होय.

वर्धा येथील ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली मूलोद्योगी शिक्षणाची योजना स्लॉइडशी तुलना करण्याजोगी आहे. हाताच्या कामातून बुद्धीचा विकास, हे सूत्र दोहोंत समान आहे. तथापि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा सालोमनच्या विचारात बसत नाही. त्याच्या दृष्टीने कामाचे मोल वस्तूच्या किंमतीत नसून ती करणाऱ्यात होणाऱ्या बदलात होते.

स्लॉइडमध्ये मुलांना लाकूडकाम व मुलींना शिवणकाम अशी विभागणी दीर्घकाळ राहिली. नेस येथे शिक्षिकांनाही लाकूडकामाचे प्रशिक्षण मिळत असूनही शाळांतील ही विभागणी टिकून होती. स्वीडनमध्ये १९६९ च्या अभ्यासक्रमाने दोन्ही कामे मुलगे व मुली या सर्वांसाठी खुली केली. स्वीडनच्या शाळांत हा विषय आजही आवश्यक असून, घरगुती लाकूडकामाची आवड असणारे अनेक लोक साध्या सुरीने पळ्या व भांडी कोरण्याची जुनी कला जोपासत आहेत.