जुन्या फियाटचा अल्टरनेटर

मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून बनणारी फियाट पुढं प्रीमियर पद्मिनी झाली. तसली एक जुनी फियाट वडिलांनी पाथरीत आणली. तिला डायनामो होता. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० सालीच व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला होता. आपल्याकडं तो सावकाश आला.

डायनामो साधारण २०-२५ अँपिअर द्यायचा, तेही इंजिन पळतंय तोवर. गाडी हळू झाली की दिवे मिणमिणायचे. अडलेली बाई रात्री परभणीला न्यायची, तर जीव टांगणीला लागायचा.

शेवटी अल्टरनेटर आणला. मिस्तरी म्हणाले, "भाऊ, हिरीवर मोटार मोठी बसवली अन् पाइप जुनाच ठिवला, तर कसं व्हायचं? वायर बी बदलावी लागंल."

त्यांनी आधी बॅटरीची तार सोडली. उलटी जोडली तर आतले डायोड जळतात. डायनामोचा कटआउट काढला. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर ओढली. चार्जिंगच्या लाल दिव्याची बारीक वायर अल्टरनेटरला दिली. तिच्यातून थोडा करंट गेला की तो जागा होतो.

त्यानंतर बैलगाड्यांमागं रखडलो तरी उजेड कमी झाला नाही. अडीनडीला लोक मध्यरात्री आमचंच दार वाजवायचे.